काळ्या कापडाखालची नवरी

या प्रवासात आम्ही तिघे होतो. तिसरा प्रवासी करंगळीएवढा होता, आणि त्याच्या नजरेला काही म्हणजे काही पडू नये यासाठी आम्ही दोघांनी जिवाचं रान केलं. लोक प्रवासाला निघतात ते काहीतरी बघायला. आमचा बेत नेमका उलटा होता.

शिवराम माझा शाळासोबती. साताऱ्याकडच्या आमच्या गावात त्याचे वडील नगरपालिकेत झाडूकामाला होते. शिवराम शिकला, मुंबईला गेला, आणि एका सरकारी संस्थेच्या मागच्या खोलीत माशांच्या टाक्यांमध्ये रमला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या माणसाचा कुणाला प्रत्यक्ष उपयोग व्हावा असे प्रसंग थोडे. हा एक आला. मासा न्यायला दोन माणसं लागतात, एक बरणी धरायला आणि एक सायकलच्या पंपानं पाण्यात हवा सोडायला. संस्थेनं शिपाई दिला नाही, म्हणून प्राध्यापक मिळाला.

माशाची हकीकत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. दक्षिणेकडच्या प्रवाळबेटांजवळ हा मासा राहतो. निळसर अंगावर दौतीत बुडवलेल्या टाकानं ओढावी तशी काळी रेघ. मोठे मासे याच्याकडे येतात, तोंड वासून, कल्ले उघडून उभे राहतात, आणि हा त्यांच्या अंगावरच्या उवा खातो. खुशाल तोंडात शिरतो, दातांतलं निवडतो, कल्ल्यातून बाहेर येतो. एरवी असला घास एका दमात गिळणारा मोठा मासा याला गिळत नाही. पुस्तकांत याला सफाई करणारा मासा म्हणतात.

शिवरामचा प्रश्न साधा होता. हे काम याला जन्मतः येतं, की थोरांचं बघून येतं? त्यानं नखाएवढं असताना एक पिल्लू धरून एकटं वाढवलं. दुसरा मासा दिसू दिला नाही. स्वतःचं प्रतिबिंबही दिसू नये म्हणून टाकीची काच आतून घासून आंधळी केली. त्याच वेळी धरून वेगवेगळ्या टाक्यांत ठेवलेली बाकीची पिल्लं दगावली होती. हे एकच उरलं होतं. आता त्याला आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माशासमोर सोडायचं आणि काय करतो ते बघायचं. शिकवल्याशिवाय त्यानं काम केलं, तर ते रक्तातून येतं असं म्हणायला जागा होती. पुढे जनुकापर्यंत पोचायचं तर पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवावे लागतील, त्याला समुद्राकाठी टाक्या लागतील, टाक्यांना मंजुरी लागेल, आणि मंजुरीला समिती लागते. ती समिती कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जागा बघत फिरत होती आणि काशीदला प्रयोग बघायला येणार होती. शिवरामची तात्पुरती नेमणूक त्याच हिवाळ्यानंतर संपत होती. एक मासा, एकच संधी. पहिली भेट दोनदा होत नाही.

भाऊचा धक्का ते रेवस

लाँचवर आमच्याभोवती मुंबईच्या बाजारातून परतणाऱ्या कोळणी बसल्या होत्या. टोपल्या रिकाम्या, आवाज भरलेले. शिवरामनं बरणी मांडीत धरली होती, वर काळं कापड. कापडाच्या फटीतून रबरी नळी आत गेलेली, आणि मी पंप मारतोय. कुणी विचारलं नसतं तरच नवल.

"काय रं हाय त्यात? नागबीग न्हाय ना?" शेजारच्या जाड बाईनं पाय आखडून घेत विचारलं.

"मासा आहे, मावशी."

ती शिवरामकडे बघतच राहिली. मग सगळ्या लाँचला ऐकू जाईल असं ओरडली, "अगो, यो मुंबईशी मासा घेऊन रेवसला चाललाय! आमी काय मेलो काय रं?"

"नि हवा कशाला मारतोस? पंचर झालाय काय?" दुसरी म्हणाली.

हसू ओसरल्यावर शिवरामनं शांतपणे सांगितलं की याला दुसऱ्या माशाचं तोंड बघू द्यायचं नाही, म्हणून झाकलाय. उद्या समोर एक मोठा मासा आणायचा आणि मग कापड काढायचं.

"म्हंजे नवरीच की!" जाड बाई म्हणाली. "यो कापड न्हाय, अंतरपाट हाय!"

झालं. त्या क्षणापासून मासा नवरी झाला. एकीनं तिथंच बसल्या बसल्या हळदीचं गाणं धरलं. शिवराम सहसा हसत नाही, तोही हसला. मला मात्र टोपल्यांची धास्ती होती. रिकाम्या दिसणाऱ्या टोपलीच्या तळाशी एखादा उरलेला बोंबील असला आणि नेमकं कापड सरकलं, तर? शिवराम म्हणाला, मेलेला चालेल. "पण जिवंत नको. जिवंतातलं चिलटसुद्धा नको."

रेवसला ओहोटी होती. लाँच धक्क्यापर्यंत जाईना, तेव्हा होडीत उतरावं लागलं. बरणी या हातातून त्या हातात गेली. प्रत्येकजण "नवरी, नवरी, संभाळून" म्हणत होता, आणि मी गुडघाभर चिखलात उभा राहून माझी डावी चप्पल कायमची रेवसच्या स्वाधीन केली. एस.टी.च्या कंडक्टरनं बरणीकडे बोट दाखवून तिकिटाचा प्रश्न काढला. कोंबडीला तिकीट पडतं, मग याला का नाही? शिवरामनं विचारलं, नियमात मासा लिहिलाय का? कंडक्टरनं विचार केला. "नियमात मासा मेलेला धरलाय," तो म्हणाला, आणि दोरी ओढली. सरकारी नियमांचा इतका अचूक अर्थ लावणारा माणूस मी सचिवालयातही बघितलेला नाही.

रेवदंड्याची खाडी

रेवदंड्याला खाडी होडीनं ओलांडायची असते. पलीकडे साळाव, तिथून काशीदची गाडी. उन्हं कललेली, वारा जोरात. होडी माणसांनी भरली आणि अगदी शेवटच्या क्षणी एक माणूस टोपली घेऊन चढला. टोपली त्यानं माझ्या पायाशी ठेवली. टोपलीतून टप टप आवाज येत होता.

"काय आहे यात?"

"निवट्या. ताज्या हायती. उड्या मारताय्त बघा."

निवटी हा चिखलातला मासा. पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. टोपलीवरचं फडकं खालून उसळत होतं. शिवराम उठून होडीच्या दुसऱ्या टोकाला जायला लागला, तसा होडीवाला ओरडला, "बस खाली! समद्यांना बुडवशील!" तो मटकन बसला. आणि त्याच वेळी पंप गेला. दांडा वर खाली होत होता, पण नळीतून बुडबुडा येत नव्हता. आतलं कातडं सुकलं असावं.

शिवरामनं कापडाखाली हात घातला. "वर आलाय," तो म्हणाला. "पृष्ठभागावर तोंड मारतोय."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे पाण्यात हवा राहिली नाही."

खाडीच्या मध्यावर होतो. कापड काढलं तर समोर निवट्या. नाही काढलं तर मासा गुदमरणार. शिवरामनं एका म्हाताऱ्याच्या हातातला तांब्या जवळजवळ हिसकावून घेतला. डोकं कापडाखाली घातलं आणि बरणीतलं पाणी तांब्यानं उपसून उंचावरून परत आत ओतायला लागला. बाहेरून एक माणूस काळ्या कापडाच्या आत डोकं खुपसून पाण्याशी झटतोय, एवढंच दिसत होतं. वाऱ्यानं कापडाचं टोक उडालं तेव्हा मी त्याच्यावर आडवा झालो. निवट्यांच्या टोपलीवर माझा एक पाय होता आणि टोपलीवाला मला शिव्या देत होता. होडीतलं कोणी हसलं नाही. एक बाई हळूच म्हणाली, "देवाचं कायतरी असंल."

साळावच्या काठाला लागलो तेव्हा शिवरामचं डोकं बाहेर आलं, घामानं आणि खाऱ्या पाण्यानं निथळत. "आहे," एवढंच तो म्हणाला. म्हाताऱ्यानं तांब्या परत घेताना त्यात डोकावून बघितलं. देवाचं काही राहिलंय का, ते बघत असावा.

काशीद, संध्याकाळ

काशीदला धर्मा नाखव्याच्या घरी उतरलो. धर्माची होडी आहे. गेल्या वर्षी शिवरामनं समुद्राच्या कडेला, खडकांच्या आडोशाला एक सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. एका बाजूला जाड काच, समुद्राच्या बाजूला लाकडी फळीचं दार. भरतीला फळी काढली की पाणी आत येतं. त्यात धर्मानं एक हेकरू आणून सोडला होता. हेकरू म्हणजे खडकातला थोराड मासा, ओठ जाड, चेहऱ्यावर कायम तक्रार. याच्या कल्ल्यांत उवा भरपूर होत्या, असं धर्मा अभिमानानं सांगत होता, जणू त्यानंच पाळल्या होत्या.

धर्माची बायको हिराबाय. गोरटेली, नऊवारी कासोटा मारलेली, बोलणं पाट्यावर वाटल्यासारखं तिखट. बरणी पडवीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवली. पंपाचं कातडं धर्मानं मऊ करून दिलं. हौद घासून, पाणी बदलून घ्यायचं होतं, आणि भरती आमच्यासाठी थांबणार नव्हती. धर्मासकट आम्हा तिघांनाही जावं लागणार होतं. शिवरामनं हिराबायला पंप कसा मारायचा ते दाखवलं.

"नि कापड?" तिनं विचारलं.

शिवराम दिवसभर ताठलेला होता. खाडी मागं पडली होती, मासा जिवंत होता, आणि त्याला पहिल्यांदा सैल वाटलं असावं. लाँचवरची थट्टा त्याला आठवली. "नवरी आहे असं समज, वहिनी. उद्या लग्न. नवरा तिकडं हौदात आहे. मुहूर्तापर्यंत नवऱ्यानं हिला बघता कामा नये."

"न्हाय बघनार," हिराबाय गंभीरपणे म्हणाली. "माज्या घरात आलेल्या नवरीची काळजी मना करू दे."

हौद घासता घासता दिवस मावळला. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीला कोर असते, ती मोडावी लागते. इथली भाकरी हातात घेतली की घडी पडते. मी तसं म्हटलं, तर हिराबाय म्हणाली, "तुमी घाटावरची मानसं, दातांनी खाताव. आमी जिभंनी खाताव." शिवरामनं झोपण्यापूर्वी कापडावर हात ठेवून बघितला. पंपाचे बुडबुडे ऐकले; रात्रभर आम्ही दोघांनी आळीपाळीनं पंप मारायचं ठरलं. कापड उचललं नाही. सकाळपर्यंत मासा अंधारात स्वस्थ राहावा, असं तो म्हणाला.

काशीद, सकाळ

उजाडल्यावर शिवरामनं कापडाचा कोपरा उचलला आणि तसाच धरून राहिला.

बरणीत दोन मासे होते.

दुसरं बोईचं पिल्लू होतं, चंदेरी, बोटभर लांब. आमचा मासा त्याच्या गालाशी लागून होता. बोई अंग तिरकं करून थांबली होती.

"वहिनी," शिवरामनं हाक मारली. आवाज इतका हलका होता की हिराबाय चुलीपुढून उठून आली.

"हा कुणी घातला?"

"म्या." तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "पाठराखीण घातली. नवरी परक्या घरी येकली कशी र्‍हाईल? काल तुमी हौदावर गेलाव, तवाच म्या डबक्यातनं जिती धरून आनली. बाईमानूस हाय, नवरा न्हाय. नवऱ्याला म्या कुटं बघू दिली?"

खरंच होतं. तिनं सूचना अक्षरशः पाळली होती. सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जाते. आमच्याकडेही जाते, माझ्या बहिणीबरोबर एक चुलतबहीण गेली होती आणि आठवडाभर पुरणपोळ्या खाऊन आली. पण आम्ही तिकडे निमंत्रण, मानपान, रुसवेफुगवे यांतच गुंततो. हिराबायनं त्या रिवाजातला मूळ मुद्दा धरला होता. जिवाला सोबत लागते. आणि त्या मुद्द्यानं शिवरामची सगळी खटपट धुऊन नेली होती.

शिवराम पायरीवर बसला. मग एकदम त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "वहिनी, घातल्यावर काय झालं? अगदी पहिल्यांदा? नीट आठवून सांग."

"काय व्हायचं? तुजी नवरी तिच्या आंगाला लागली. उवा काढाय बसली. बाया दुपारी एकमेकींच्या डोक्यात बघताव ना, तशी."

"लगेच?"

"व्हय, लगीच."

"घातल्याबरोबर?"

"घातली, नि मंग तवा तापला हुता, तर भाकरी टाकून आलो. आलो तवा काढत हुती."

"म्हणजे मध्ये काय झालं ते तू बघितलं नाहीस."

"दोन भाकऱ्या टाकल्या. का तीन... आता मना काय म्हाईत, भाकरीकडं बघू का मासळीकडं?"

शिवरामच्या आयुष्यातला प्रयोग झाला होता. तव्यावर भाकरी असताना, पडवीच्या कोपऱ्यात, कोणी बघत नसताना. माशानं पहिल्याच भेटीत काम केलं, की आधी घाबरला, चाचपडला, शिकला, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं.

हिराबायला आता काहीतरी बिनसल्याची जाणीव झाली. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "माजं काय चुकलं का रं भाऊ?"

"नाही," शिवराम म्हणाला.

ती आत गेल्यावर मी जे म्हणालो ते कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता. "बोई काढून टाक. आपल्या चौघांशिवाय कोणाला माहीत नाही. तुला स्वतःला खात्री आहे ना, हे जन्मतःच येतं म्हणून?"

"आहे."

"मग झालं तर."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुझ्या इतिहासात असंच चालतं का रे?"

चालतं, म्हणून मी पंप उचलून मारायला लागलो. बाहेर जीपचा आवाज आला.

समिती आली ती अक्षरशः वाजतगाजत. शाळेचं लेझीम पथक, ताडपत्रीचा मंडप, वाळूत मांडलेल्या खुर्च्या. वाळूला अध्यक्ष आणि सदस्य यांतला फरक कळत नाही. सगळ्यांच्या खुर्च्या सारख्याच रुतत होत्या. अध्यक्षसाहेबांची मात्र थोडी जास्त, वजनामुळे. ते शुभ्र कपड्यांतले, गोड आवाजाचे गृहस्थ होते. हौदाला झेंडूची माळ घातली होती. आतून हेकरू त्या माळेकडे तक्रारीच्या नजरेनं बघत होता.

शिवराम सरळ अध्यक्षांकडे गेला. "साहेब, प्रयोगाआधी एक सांगायचं आहे."

समितीचे सचिव मध्ये आले. "आधी स्वागत."

स्वागत झालं. हार झाले. शिवराम पुन्हा पुढे सरकला. "साहेब, फक्त एक मिनिट..."

"नारळ फुटू दे," सचिव म्हणाले. "शंकासमाधान शेवटी ठेवलंय."

नारळ एका फटक्यात फुटेना. तो हौदाच्या कडेवर आपटला तेव्हा हेकरू आत दचकून भिंतीवर आदळला. धर्मा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. शिवराम मागे झाला. बरणी उचलून हौदाशी गेला, आणि आता तो काही बोलेना. मला वाटलं, ठरलं याचं. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

बोई त्यानं आधीच हिराबायच्या तांब्यात काढली होती. कापड सारलं, बरणी पाण्यात कलती केली. काळ्या रेघेचा तो मासा बाहेर आला आणि थबकला. समोर त्याच्या शंभरपट मोठं तोंड.

हेकरू वळला. लेझीम थांबली होती. काचेला नाकं लावलेले सदस्य श्वास घेत नव्हते. हेकरू सावकाश पुढे आला. माशानं अंग हलवलं, वर खाली, जणू पाण्यातच नाचतोय. हेकरूनं तोंड वासलं. खायला की दाखवायला? ते जबडे तसेच राहिले. आणि काळी रेघ आत गेली.

तोंड मिटलं.

"गिळला!" कोणीतरी ओरडलं. हिराबायनं गर्दीत कपाळावर हात मारला. शिवराम हललाही नाही. मग हेकरूचा कल्ला झडपेसारखा उचलला गेला आणि तिथून आमचा मासा बाहेर आला, पुन्हा वळला, आणि कल्ल्याच्या कडेवर निवडायला लागला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षसाहेब उभे राहिले.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "या जीवानं आजवर दुसरा मासा पाहिला नव्हता. कोणी शिकवलं याला? कोणीही नाही! निसर्ग प्रत्येकाला त्याचं काम जन्मतःच नेमून देतो. मोठ्याला मोठेपण, लहानाला सेवा. आणि पाहा, तक्रार नाही, संप नाही! आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. आज विज्ञानानं त्यावर शिक्कामोर्तब केलं." मग सचिवांनी त्यांच्या कानाशी काही सांगितलं. त्यांचा चेहरा मायेनं उजळला. ते शिवरामकडे वळले. "मला आत्ताच कळलं, आपले वडीलही आयुष्यभर सफाईचीच सेवा करत होते. म्हणजे एका अर्थी आपणही वारसाच चालवता आहात. रक्तात असतं ते!"

त्यांना खरोखर कौतुक करायचं होतं. हेच वाईट होतं. काही टाळ्या वाजल्या, मग आपणच वाजलो हे लक्षात आल्यासारख्या थांबल्या.

शिवराम पुढे आला. हात अजून खाऱ्या पाण्यानं ओले होते.

"साहेब, सकाळपासून सांगायचं होतं ते आता सांगतो. या माशानं काल दुसरा मासा पाहिला. रात्रभर त्याच्याबरोबर होता. त्यामुळे आत्ता आपण जे पाहिलं त्यानं काहीही सिद्ध होत नाही. माशाचं नाही, आणि माणसाचं तर नाहीच."

सचिव उठले. "काय बोलता?"

"दुसरं. तो मासा सेवा करत नाही. तो जेवतोय. सफाई हे नाव आपण दिलंय, काठावर उभं राहून. माझे वडील पहाटे गटारात उतरायचे ते जेवत नव्हते."

अध्यक्षांचा गोड आवाज आटला होता. "दुसरा मासा कोणी घातला?"

"जबाबदारी माझी आहे."

"म्या घातला!" हिराबाय गर्दीतून पुढे आली. धर्मा तिचा हात ओढत होता, तिनं झिडकारला. "त्याला कशाला इचारताव? नवरी येकली हुती म्हनून म्या पाठराखीण घातली. काय गुन्हा क्येला?"

"या बाईनं सरकारी प्रयोग बिघडवला?"

"नाही साहेब," शिवराम म्हणाला. "तिनं मी सांगितलं तेवढं तंतोतंत केलं. मी सांगितलं ते चुकीचं होतं."

लेझीमवाल्या पोरी खुसुखुसू हसायला लागल्या. "पाठराखीण" हा शब्द खुर्च्यांमधून फिरला आणि एक सदस्य रुमालात हसला. अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं, सचिवांनी घड्याळाकडे, आणि समिती जेवायला उठली. तळलेलं पापलेट मात्र सर्वांनी पोटभर खाल्लं. या बाबतीत समितीत मतभेद नव्हते.

परतताना

समितीचा निर्णय अजून कळलेला नाही. कळण्यासारखं फारसं उरलेलंही नाही. जीपमध्ये चढताना सचिव कोणाला तरी सांगत होते की काशीदचा रस्ता फार खराब आहे.

दुपारच्या भरतीला शिवरामनं हौदाची फळी काढली. हेकरूचं काय करायचं हे धर्मानं आधीच ठरवलं होतं, पण हिराबायनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो विडी पेटवायला निघून गेला. दार उघडं होतं तरी हेकरू गेला नाही. बराच वेळ तोंड वासून उभा होता आणि काळी रेघ त्याच्या गालावर काम करत होती. मग एक मोठी लाट आत आली, पाणी गढूळ झालं, निवळलं, तेव्हा हौद रिकामा होता.

"या पाण्यात जगेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. त्याचं पाणी नाही हे."

हिराबाय तांब्यातली बोई घेऊन डबक्याकडे निघाली. सोडण्यापूर्वी तिनं भाकरीचा तुकडा कुस्करून तांब्यात टाकला. "पाठराखिणीला रिकामी धाडत न्हाईत," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिनं शिवरामला जवळ्याची पुरचुंडी दिली, पण त्याच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. तो तिच्या पाया पडला. ती इतकी गोंधळली की "अरं, काय येडा काय तू" एवढंच म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

रेवसच्या लाँचवर मी त्याला विचारलं, "खरं सांग. तुझी खात्री अजून आहे?"

"माशाबद्दल? आहे. पुन्हा पिल्लू मिळालं तर पुन्हा वाढवीन. नोकरी असो, नसो. माझ्या खोलीत टाकी मावेल."

"आणि माणसाबद्दल?"

तो काळ्या कापडाची घडी करत होता. "माणसाचा प्रयोग कधी झालाच नाही रे. तिथं कापड कुणी धरलंय? मी पाळण्यात होतो तेव्हापासून लोक मला दाखवत होते, तुझं काम ते बघ."

पलीकडून ओळखीचा आवाज आला. परवाचीच ती जाड बाई, आज भरलेल्या टोपल्या घेऊन मुंबईला निघालेली. "काय रं, नवरी कुटं?"

"सासरी पोचवली, मावशी."

"नांदंल ना?"

"बघू."

ती रिकाम्या बरणीकडे बघत राहिली, मग शिवरामच्या हातातल्या कापडाकडे. तिच्या टोपलीवर ऊन येत होतं. शिवरामनं घडी पुन्हा उलगडली, कापड बाहेर समुद्रात झटकलं, आणि तिच्या माशांवर पसरायला दिलं.

"तुला नगं?"

"पुढच्या वेळी दुसरं घेईन," तो म्हणाला. "हे फार पातळ आहे."